परबकाकांचं मेइ बान्फा

मला चिनी भाषेतलं एकच वाक्य येतं, आणि ते मला शिकवलं एका मालवणी माणसाने. मेइ बान्फा. म्हणायला काही कठीण नाही, आमची शांताक्का चहावालीसुद्धा म्हणते. पण ते कधी म्हणायचं हे परबकाकांकडून शिकावं लागलं, आणि ते शिकता शिकता आमची जी वाट लागली तेच सांगायला बसले आहे.

आमचा गाळा अंधेरीला, मरोळच्या बाजूला. शाम्पूच्या आणि तेलाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. मी चेकिंगला. झाकण उजेडात धरायचं, रेघ, डाग, टवका काही दिसलं की लाल क्रेटमध्ये टाकायचं. चौदा वर्षं हेच करते, त्यामुळे माझी नजर तिखट आणि जीभ त्याहून तिखट असं घरचे म्हणतात. परबकाका मोल्ड फिटर. मोल्ड म्हणजे ज्यात झाकण ओततात तो पोलादी साचा. तो खोलायचा, आतून घासून घासून लख्ख करायचा आणि परत मशीनवर चढवायचा. दिसायला फार काही नाही, पण त्यात केसाएवढा ओरखडा राहिला तर पुढची लाखभर झाकणं तो ओरखडा घेऊन जन्माला येतात.

डाव्या अंगठ्याचं नख ते वाढवून ठेवत. साचा घासून झाला की डोळे मिटून ते नख आतून हळूच फिरवायचं आणि कुठे अडलं की तिथेच परत दगड. मी त्यांना एकदा म्हटलं, काका, भिंग घ्या की. तर म्हणाले, भिंग खोटं बोलतं, नख बोलत नाही. त्यांची हत्यारं बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात असायची. घासायचे दगड, एकेक जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला. त्या डब्याला हात लावायची आमच्या मालकाची, किरीटभाईंचीही टाप नव्हती.

एक वाक्य मात्र त्यांच्यासमोर कुणी बोलायचं नाही. "आता काय उपाय नाही." त्यांचे वडील परळला गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि वडील खोलीत भिंतीला टेकून बसले ते सतरा वर्षं तसेच. कुणी काही विचारलं की एवढंच म्हणायचे, आता काय उपाय नाय. पोरगा शाळा सोडून फाइल घासायला लागला तेव्हाही तेच म्हणाले. म्हणून परबकाका उलटं बोलायला शिकले असावेत. "उपाय असता गो सुनीते. आपल्या वाडीत नसलो तर शेजारच्या वाडीत असता." हे मी दिवसातून चार वेळा ऐकलं आहे.

खोडीही होत्या. माणूस भयंकर तोऱ्यात असतो असं आम्हाला वाटायचं. तुम्ही बाजूला येऊन उभे राहिलात तरी ओळख नाही. शांताक्का डावीकडून चहाचा ग्लास पुढे करून उभी, आणि हे समोर बघत बसलेले. शेवटी ती ग्लास आपटून जायची. कुणी हाक मारली तर नुसतं डोकं वळवायचे नाहीत, खांद्यांसकट अख्खे वळायचे. आम्ही त्यांना संस्थान म्हणायचो. संस्थान वळलं, संस्थानने चहा घेतला. कॉम्प्रेसरच्या पाइपला त्यांचा उजवा खांदा रोज आपटायचा आणि रोज ते पाइपाला शिवी द्यायचे. मी तर त्यांच्या वळण्याची नक्कल करून दाखवायचे आणि सगळे हसायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तर चिनी वाक्य. किरीटभाईंनी नवीन मशीन घेतलं ते चीनचं, आणि ते बसवायला तिथूनच एक माणूस आला, चेन. पन्नाशीचा, बारीक, हातात कायम गरम पाण्याची बाटली. त्याला इंग्रजीचे दहा शब्द, आम्हाला चिनीचा एकही नाही. तो फोनमध्ये बोलायचा आणि फोन एका बाईच्या आवाजात हिंदी बोलायचा. परबकाकांचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं. चेननेही एका अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. दोघांनी एकमेकांची नखं बघितली आणि पुढे फोनची फारशी गरज पडली नाही.

आठव्या दिवशी खंडेनवमी आली. आमच्या गाळ्यात त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडू, आणि मग दसरा उलटेपर्यंत पान्यालासुद्धा हात लावायचा नाही. ही रीत परबकाकांनी बसवलेली आणि कडक पाळलेली. चेन तेव्हा पोटात गडबड म्हणून लॉजवर झोपला होता. काकांना वाटलं, परका माणूस, त्याची हत्यारं का म्हणून पूजेवाचून राहावीत? मोठ्या मायेने त्यांनी त्याची पेटी उघडली, सगळे पाने, मीटर, स्क्रू ड्रायव्हर पुसले आणि आपल्या डब्याशेजारी मांडून वर हळदकुंकू वाहिलं.

दुपारी चेन आला. दुसऱ्या रात्री त्याचं विमान, आणि मशीनचं अर्ध्या दिवसाचं काम बाकी. बघतो तर त्याची सगळी हत्यारं झेंडूखाली. त्याने हात पुढे केला तर काकांनी हात जोडले आणि मान हलवली. किरीटभाई घामाघूम झाले, परबला समजावून दमले, पण पुजलेलं हत्यार उचलायचं म्हणजे काय ते किरीटभाईंनाही पटेना. चेनने फोनवर कंपनीशी बोलून पाहिलं, दुसरा पाना मिळतो का म्हणून बाजूच्या गाळ्यात जाऊन आला, तिथेही पूजा. मग तो परत आला, पाटाकडे जरा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, मेइ बान्फा. आणि हसला, आणि खाली बसून आमच्याबरोबर श्रीखंडपुरी जेवला. दोन वाट्या श्रीखंड खाल्लं त्याने.

काकांनी विचारलं, ह्यो काय म्हणालो? फोनवरची बाई म्हणाली, कोई उपाय नहीं है.

झालं. काकांचा चेहरा पडला. इतका गुणी माणूस आणि आमच्या बापासारखं बोलतो? त्यांनी फोन ओढून घेतला आणि सुनावलं, असं बोलायचं नाही, उपाय असतो. चेनने ते ऐकलं, डोकं खाजवलं, आणि सावकाश काहीतरी बोलला. फोन म्हणाला, "पहले सब कर लो. फिर बोलो. बोलने के बाद खाना खाओ."

काकांनी फोन त्याला परत दिला. विमान चुकलं, चेन आणखी तीन दिवस राहिला. तेवढ्यात काकांनी ते वाक्य पाठ केलं आणि त्याचा नियम करून टाकला. माझ्या बापाने काही करायच्या आधीच म्हटलं, ते चुकलं, असं मला बसमध्ये म्हणाले. आम्ही दोघं गोरेगावचे. सकाळी आरे कॉलनीतून येणारी बस धरायचो, ती झाडीतून वळणं घेत मरोळला सोडते.

पुढे गाळ्यात ते वाक्य इतकं झालं की विचारू नका. लाइट गेली, मेइ बान्फा. पगार उशिरा, मेइ बान्फा. पण परबकाकांच्या कानावर पडलं की तपासणी सुरू. एकदा अख्ख्या पाळीच्या मालात रेघेची झाकणं निघत राहिली. मी वैतागून क्रेट ढकलला आणि म्हटलं, मेइ बान्फा, फेका सगळी. ते अख्खे वळले.

"काय काय केलंस ता आधी सांग."

मी काही केलंच नव्हतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, मोजून पाहायला लावलं रेघ कुठल्या झाकणांवर आहे, आणि दर आठव्या झाकणावरच आहे हे निघालं. साचा आठ खणांचा, त्यातल्या आठव्या खणात थंड करायच्या पाण्याचा थेंब झिरपत होता. तासाभरात मशीन चालू. त्यांनी मला काही सुनावलं नाही, फक्त त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे दिले.

मग गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात, मरोळला बसमधून उतरलो. काका पुढे. उजवीकडून एक मोटारसायकल येत होती, चांगला हॉर्न वाजवत, आणि हे सरळ तिच्या वाटेत उतरले. मी शर्ट धरून मागे खेचलं, बटणं तुटली. मोटारसायकलवाला शिव्या देत गेला. काका तो गेला त्या दिशेला बघत होते.

"ह्यो खयसून इलो?"

हा कुठून आला, हा त्यांचा खरा प्रश्न होता. त्यांना तो दिसलाच नव्हता. मी तिथेच रस्त्याच्या कडेला त्यांना उभं केलं आणि म्हटलं, समोर त्या पाटीकडे बघा. त्यांच्या कानाशेजारी माझा हात धरला आणि हळूहळू पुढे आणला. दिसला की सांगा म्हटलं. माझा हात त्यांच्या नाकासमोर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. डावीकडूनही तेच. चौदा वर्षं मी झाकणावरची केसाएवढी रेघ पकडते, आणि रोज शेजारी बसणारा माणूस मला दिसला नाही. संस्थान म्हणे.

ते म्हणाले, माका दिसता गो, सुयेत दोरो घालून दाखवू? आणि ते खरं होतं. मधलं सगळं स्वच्छ दिसत होतं, म्हणून तर साच्यातला ओरखडा चुकत नव्हता आणि म्हणूनच ते कधी डॉक्टरकडे गेले नव्हते. मी भांडून सरकारी इस्पितळात नेलं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांना, आणि फार पुढे गेलेला. डॉक्टरीण भली होती. तिने कागदाची नळी करून त्यातून मला बघायला लावलं आणि म्हणाली, यांना एवढंच दिसतं. गेलेलं परत येणार नाही. आहे ते टिकवायला थेंब घालायचे, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर, एकही चुकवायचा नाही.

बाहेर बाकड्यावर त्यांनी मला शपथ घातली. काकू गावाला घर सांभाळत होत्या, त्यांना सांगायचं नाही. किरीटभाईंना तर नाहीच, आंधळ्या फिटरला कोण ठेवतं? नोकरीपेक्षा त्यांना ते हातातलं काम जायचं भय होतं, हे मला त्यांच्या अंगठ्याकडे बघून कळलं. सारखा खिशात घालत होते. मी शपथ घेतली. मला वाटलं, मी मोठी माया करते आहे.

मग उपाय सुरू झाले. आणखी दोन इस्पितळं. बोरीवलीचा एक वैद्य, जो डोळ्यांत तूप घालायचा. गाजराचा रस, रोज, रंग पिवळा पडेपर्यंत. शिमग्याला गावी जाऊन ग्रामदेवाला कौल लावला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कौल उजवा आला, काका खूश होऊन परतले. सगळीकडे उत्तर एकच, आणि तरी दर सोमवारी नवा पत्ता. मी बसमध्ये त्यांच्या डाव्या हाताला बसायचे, रस्ता ओलांडताना कोपर धरायचे, आणि गाळ्यात कुणी बाजूने आलं की मोठ्याने नाव घेऊन हाक मारायचे म्हणजे त्यांना कळावं. एवढंच माझ्याच्याने होत होतं.

आता जे सांगते ते फार कुणाला सांगितलेलं नाही. थेंबांची पहिली बाटली मी आणली तेव्हा सवयीने तिच्यावर मार्करने तारीख टाकली, क्रेटवर टाकते तशी. बाटली महिनाभर पुरते. महिना उलटल्यावर त्यांच्या पिशवीत रुमाल शोधताना तीच बाटली दिसली, माझ्या अक्षरातल्या त्याच तारखेची, निम्मी भरलेली. माझं डोकं फिरलं. मशीनच्या आवाजावर ओरडले मी. मग त्यांनी सांगितलं. थेंब घातले की अर्धा तास सगळं धूसर होतं. सकाळी घातले तर पाळी सुरू होताना साचा नीट दिसत नाही. म्हणून सकाळचे ते घालतच नव्हते.

"हात थांबता माझो," म्हणाले. जे टिकवायचं त्याच्यासाठीच थेंब, आणि त्याच्यासाठीच ते थेंब टाळत होते. या माणसाला काय म्हणायचं?

त्यांनी शब्द दिला, यापुढे चुकणार नाही. आठवडाभर मी रोज सकाळी बाटली बघितली, माझ्यासमोर थेंब घालायला लावले. मग महिनाअखेरीची माल पाठवायची घाई आली, मी लवकरची बस धरायला लागले आणि बघायचं राहिलं. काकूंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. किरीटभाई चार पावलांवर बसायचे, अर्धा तास उशिरा पाळी लावून दिली असती त्यांनी, एवढे वाईट नाहीत. मी शपथ सांभाळत बसले.

पावसाळ्यानंतर एका सकाळी निळं झाकण उजेडात धरलं आणि त्यावर रेघ होती. आडवी, चांगली लांब. दुसरं घेतलं, त्यावरही. साचा आदल्या दिवशी परबकाकांनी घासून चढवला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचा एकही साचा मी परत पाठवला नव्हता. मी झाकण मुठीत घेऊन पंधरा मिनिटं तशीच बसले, सोडून द्यावं का म्हणून. मग जाऊन त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ नेलं. मग डोळे मिटले आणि नख फिरवलं.

"लागता," म्हणाले. "लाल क्रेटात टाक."

साचा घासताना धूसर दिसायला लागलं म्हणून ते घाबरून डोळे ताणताणून बघत राहिले होते, आणि त्या नादात नख फिरवायचं विसरले होते. डॉक्टरणीने तपासलं. मधलंही दिसेनासं व्हायला लागलं होतं. किरीटभाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं. किरीटभाई म्हणाले, परब, बसून रहा, नुसतं नखाने तपास, पगार तोच देतो. काका म्हणाले, नख कुठे फिरवायचं ते डोळे दाखवतात, शेठ. आणि दसऱ्याला गावी जायचं ठरवलं.

गेल्या खंडेनवमीला ते आले तेव्हा पांढरा सदरा घालून आले होते. मी बसस्टॉपवरून हात धरून आणलं. डबा उघडून त्यांनी एकेक दगड स्वतः धुतला, पुसला, पाटावर बोटांनी जागा चाचपत ओळीने मांडला. ओळ जराशी तिरकी झाली. कुणी सरळ केली नाही. मी हळदकुंकवाचं ताट धरून त्या ओळीकडेच बघत राहिले, शेवटी शांताक्काने ते काढून घेतलं.

चेनचा व्हिडिओ कॉल होता. किरीटभाईंनी मुद्दाम लावला होता. काकांनी फोनच्या आवाजाकडे तोंड केलं, थोडं चुकलं, मी फोन सरकवला. मग ते हिंदीत, शाळेत उत्तर द्यावं तसं सांगायला लागले. तीन अस्पताल. दवाई. बोरीवलीका वैद्य. गाजर. गावका देव. एकेक करून सगळं सांगितलं. थेंबांवर आले तेव्हा थांबले, आणि म्हणाले, दवाई मैंने बराबर नहीं डाला, वो मेरी गलती. फोनमधली बाई ते चिनीत सांगत होती आणि चेन ऐकत होता. सगळं सांगून झालं. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मेइ बान्फा," म्हणाले.

चेनने चष्मा काढला, पुसला. मग काहीतरी दोन शब्द बोलला आणि फोन म्हणाला, खाना खाया?

आम्ही जेवलो. काकांनी श्रीखंड दोनदा घेतलं. पुरी मोडून वाटीत बुडवताना बोटं वाटीच्या बाहेर गेली तर मी वाटी हाताखाली सरकवत होते, आणि त्यांना ते कळत होतं. निघताना मी विचारलं, डबा? हत्यारं परवा उचलायची ना? गाळ्याची रीत अशी की दसरा झाला की ज्याची हत्यारं त्यानेच उचलायची, दुसऱ्याने नाही. ते म्हणाले, माझी ऱ्हवांदेत, थंयच पाटावर.

मी त्यांना गोरेगावच्या बसमध्ये बसवलं. त्यांच्या भाच्याला त्या टोकाला उभं राहायला सांगितलं होतं. मला आदल्या दिवसाच्या मालाचं चेकिंग पुरं करायचं होतं, मी जाऊ शकत नव्हते. खिडकीतून त्यांनी विचारलं, "जेवलंस मां गो नीट?"

मी हो म्हटलं. मला ते वाक्य म्हणायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हणायला लागले की आधी काय काय केलंस ता सांग असं ते विचारणार, आणि माझ्या यादीत निम्मी भरलेली एक बाटली होती, आणि कधीच न लावलेला एक फोन. त्यांना म्हणायचा हक्क होता. मला अजून नाही.

बस सुटली. काका खांद्यांसकट अख्खे वळले आणि मी उभी होते त्याच्या चार हात पलीकडे, बसस्टॉपच्या खांबाकडे बघून हात हलवायला लागले. मी धावत त्या खांबापाशी जाऊन उभी राहिले आणि हात हलवला.